आपल्यावाचून अडणारे सूर

जुलै-ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडमधील विद्यापीठांना आणि निवासी शाळांना सुट्टी असते. विद्यार्थी घरी गेलेले असतात. वसतिगृहांच्या खोल्या आणि भोजनगृहे रिकामी असतात. अशा वेळी आठवडाभरासाठी तेथे वेगळेच विद्यार्थी दाखल होतात. त्यांतील पुष्कळांचे केस पांढरे झालेले असतात. काहींच्या हातात काठी असते, काहींच्या कानात श्रवणयंत्र, आणि बहुतेकांच्या सामानात औषधांच्या डब्याइतकीच जपून आणलेली एखादी लांबट पेटी. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी अभियंता, कुणी परिचारिका, तर कुणी आमच्यासारखा डॉक्टर. त्या पेट्यांमध्ये चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या घडणीची वाद्ये असतात आणि पुढचे सहा-सात दिवस ही मंडळी त्याच काळातील संगीत एकत्र बसून वाजवतात. ही झाली हौशी वादकांची प्राचीन संगीताची उन्हाळी शिबिरे.

कौटुंबिक आरोग्याच्या पाक्षिकात या विषयाचे काय प्रयोजन, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. प्रयोजन असे आहे : उतारवयात माणसाला सोबत हवी, मन रमवायला काहीतरी हवे, हे आपण सारेच म्हणतो. परंतु सोबत असूनही, दूरदर्शन आणि मोबाइल असूनही खंगत चाललेले वृद्ध मी माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना नेमके काय कमी पडते, याचे उत्तर मला या परदेशी शिबिरांच्या रचनेत इतके स्पष्ट दिसले, की ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

प्रत्येकाची ओळ वेगळी

प्रथम वाद्यांची ओळख करून घेऊ. या शिबिरांत सर्वाधिक दिसणारे वाद्य म्हणजे रेकॉर्डर. ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राशी याचा संबंध नाही. ही एक उभी धरून वाजवायची बासरी आहे. टोकाला चोचीसारखा भाग असतो आणि त्यातून फुंकर आपोआप योग्य जागी जाते; आपल्याकडील अलगूज ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिची कल्पना लगेच येईल. वीतभर लांबीच्या रेकॉर्डरपासून माणसाच्या उंचीच्या रेकॉर्डरपर्यंत तिचे मोठे कुटुंब आहे. दुसरे वाद्य व्हायोल. हे नाव व्हायोलिनसारखे असले तरी वाजवण्याची रीत आपल्या सारंगीला अधिक जवळची आहे. वाद्य उभे धरतात आणि गज तळव्याची बाजू वर ठेवून, खालच्या बाजूने पेलतात. सतारीला जसे दोऱ्याने बांधलेले पडदे असतात, तसेच व्हायोलच्या मानेवर तातीचे पडदे बांधलेले असतात. तारा बहुधा सहा. यांच्या जोडीला ल्यूट, हार्पसिकॉर्ड आणि गाणारे गळे असतात.

एकाच कुळातील लहानमोठी वाद्ये एकत्र वाजतात तेव्हा त्या मेळाला कॉन्सॉर्ट म्हणतात. येथे आपल्या आणि त्यांच्या संगीतातील एक भेद लक्षात घ्यावा लागतो. आपल्या भजनात बुवांनी ओळ म्हटली की सारे तीच ओळ, त्याच चालीत उचलतात. एखादा टाळकरी मध्येच थांबला तरी भजन थांबत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय मेळसंगीतात मात्र चार, पाच किंवा सहा स्वतंत्र स्वररेषा एकाच वेळी चालतात आणि छोट्या मेळात प्रत्येक रेषेचा धनी एकच वादक असतो. त्यांपैकी कुणीही मुख्य गायक नसतो आणि कुणीही साथीदार नसतो. एकाने सुरू केलेला स्वरसमूह दुसरा उचलतो, तिसरा त्याला उत्तर देतो. त्यातील एक माणूस जरी उठून गेला, तरी त्या जागी भोक पडते आणि ते सर्वांना ऐकू येते.

त्या काळच्या छापील पुस्तकांतही ही वृत्ती दिसते. जॉन डाउलंड या इंग्रज संगीतकाराच्या १५९७ सालच्या गीतसंग्रहात एकाच उघड्या पानावर निरनिराळ्या स्वररेषा निरनिराळ्या दिशांना तोंड करून छापल्या आहेत. पुस्तक मेजावर मधोमध ठेवायचे, चहूबाजूंनी मंडळींनी बसायचे आणि प्रत्येकाने आपल्या बाजूची ओळ वाचायची, अशी ती योजना. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या थॉमस मॉर्ली याच्या संगीतविषयक पाठ्यपुस्तकाचा आरंभ एका संवादाने होतो. भोजनानंतर यजमानीणबाई एका पाहुण्यापुढे स्वरलिपीचे पुस्तक ठेवून त्याला आपला भाग गायला सांगतात, त्याला ते येत नाही, आणि हा कुठे वाढला असावा अशी कुजबुज उपस्थितांत सुरू होते. म्हणून तो बिचारा शिकायला गुरूकडे येतो. हे संगीत मुळात घरात, मेजाभोवती, आपसांत वाजवण्यासाठी रचलेले होते. समोर श्रोते असलेच पाहिजेत अशी त्याची अट नव्हती. आजच्या हौशी वादकांना ते इतके सोयीचे का वाटते, याचे कारण येथेच आहे.

ही परंपरा पुन्हा कशी रुजली?

मधल्या दोन शतकांत ही वाद्ये वापरातून जवळजवळ गेली होती. ती पुन्हा हाती आणण्याच्या कामात अर्नोल्ड डोल्मेच यांचे नाव अग्रभागी येते. १८५८ साली फ्रान्समध्ये जन्मलेले हे गृहस्थ पुढे इंग्लंडमधील हॅसलमिअर या गावी स्थायिक झाले. जुनी वाद्ये दुरुस्त करायची, नवी घडवायची आणि बायकामुलांसह वाजवायची, असा त्यांचा संसार होता. १९१९ साली लंडनच्या वॉटर्लू स्थानकावर त्यांची जुनी, मौल्यवान रेकॉर्डर असलेली पिशवी हरवली. ती विसरली होती त्यांचा लहान मुलगा कार्ल याच्या हातून. डोल्मेच यांनी त्या वाद्याची मापे पूर्वीच घेऊन ठेवली होती. त्यांवरून त्यांनी नवे वाद्य घडवले. १९२५ मध्ये हॅसलमिअरला त्यांचा संगीतमहोत्सव सुरू झाला. पिशवी विसरणारा तो मुलगा पुढे नामवंत वादक झाला आणि १९३७ साली एडगर हंट यांच्याबरोबर त्याने रेकॉर्डर वाजवणाऱ्यांची संस्था स्थापन केली. 'सोसायटी ऑफ रेकॉर्डर प्लेयर्स' या नावाची ही संस्था पुढे गावोगावच्या शाखांतून वाढली. अमेरिकेत तशीच संस्था १९३९ मध्ये निघाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकच्या स्वस्त रेकॉर्डर बाजारात आल्या आणि ब्रिटनमधील असंख्य शाळकरी मुलांच्या हाती पडल्या. ती मुले मोठी झाली, नोकऱ्या आणि संसार यांत वाद्य बाजूला पडले, आणि निवृत्तीनंतर पुष्कळांनी ते पुन्हा हाती घेतले. लहानपणी बोटांनी शिकलेले कौशल्य मेंदू फार खोलवर साठवतो. सायकल चालवणे किंवा पोहणे जसे विसरत नाही, तसेच हे. कुटुंबीयांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या आजोबांना लहानपणी पेटी येत होती का, आजी भोंडल्याची किंवा जात्यावरची गाणी म्हणत होती का, हे कधीतरी विचारावे. कोरी पाटी घेऊन नवे शिकण्यापेक्षा पुसट झालेली अक्षरे गिरवणे या वयात पुष्कळ सोपे जाते.

शिबिरांच्या इतिहासात भारताशी जोडणारा एक धागाही आहे. लेनर्ड एल्महर्स्ट हे इंग्रज कृषितज्ज्ञ रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून बंगालमध्ये आले. १९२२ साली श्रीनिकेतन येथे ग्रामपुनर्रचनेचे जे काम सुरू झाले, त्याचे ते पहिले संचालक होते. मायदेशी परतल्यावर १९२५ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डोरथी यांनी डेव्हन परगण्यातील डार्टिंग्टन हॉल ही मध्ययुगीन वास्तू विकत घेतली आणि शिक्षण, शेती व कला यांचे केंद्र तेथे उभे केले. १९४८ मध्ये डॉर्सेट येथील एका शाळेत सुरू झालेले उन्हाळी संगीतशिबिर १९५३ साली डार्टिंग्टनला आले आणि पुढे अनेक दशके तेथे भरत राहिले. ते सर्व प्रकारच्या पाश्चात्त्य संगीताचे होते आणि प्राचीन संगीतालाही त्यात जागा होती. नामवंत कलावंत आणि हौशी शिकाऊ एकाच पंक्तीला जेवतात, ही त्याची ख्याती होती. केवळ प्राचीन संगीतासाठी भरणाऱ्या शिबिरांपैकी उत्तर इंग्लंडमधील डरहॅम येथे अनेक वर्षे भरत आलेले रेकॉर्डर व व्हायोलचे शिबिर हौशी मंडळींत परिचित आहे. अमेरिकेतील व्हायोलवादकांची संस्था १९६२ पासून आहे आणि तिचेही शिबिर दर उन्हाळ्यात असते.

शिबिरातील दिवस

शिबिराला येण्यापूर्वी प्रत्येकाने एक अर्ज भरून द्यायचा असतो. कोणते वाद्य, कोणता आकार, स्वरलिपी किती सहज वाचता येते, आपल्या रेषेवर एकटे टिकता येते की सोबत हवी, असे प्रश्न त्यात असतात. त्यावरून मेळ जुळवले जातात. सकाळची न्याहारी झाली की चार-सहा जणांचे गट आपापल्या खोल्यांत बसतात. एक मार्गदर्शक त्यांच्याकडून एखादी रचना बसवून घेतो. मग चहा-कॉफी. त्यानंतर सर्वांचे एकत्र गायन किंवा मोठ्या मेळाचे वादन. दुपारी विश्रांती, पुन्हा दोन सत्रे. रात्रीच्या जेवणानंतर मार्गदर्शकांचे किंवा शिबिरार्थींचेच वादन. आणि एवढे झाल्यावरही काही उत्साही मंडळी कुणाच्या तरी खोलीत किंवा जिन्याखालच्या मोकळ्या जागेत स्टँड मांडून मध्यरात्रीपर्यंत वाजवत बसतात. झोपेच्या दृष्टीने डॉक्टर म्हणून मला हे मान्य करता येत नाही. परंतु घरी रात्री दोन वाजेपर्यंत छताकडे पाहत पडण्यापेक्षा ते बरे, हेही कबूल करावे लागते.

या वादनात चुका सतत होतात. कुणाची मोजणी चुकते, कुणी एक ओळ गाळून खालच्या ओळीवर जातो. हौशी मेळात त्याची लाज बाळगत नाहीत. वाट चुकलेला वादक थांबतो, इतरांचे ऐकतो, ओळखीची जागा आली की पुन्हा सामील होतो. फारच गोंधळ झाला तर सारे थांबतात आणि स्वरलिपीतील एखादा क्रमांक सांगून तेथून पुन्हा आरंभ करतात. चुकल्यावर पुन्हा आत कसे यावे, हे येथे पद्धतशीर शिकवले जाते. आपल्याकडे अनेक ज्येष्ठ एकदा नाव विसरले किंवा एकदा हात थरथरला म्हणून बैठकीला जाणेच सोडतात. त्यांच्यासाठी हा धडा मोलाचा आहे.

मोठ्या मेळात जे वाजवले जाते त्यात थॉमस टॅलिस याची 'स्पेम इन आलियम' ही रचना कधी कधी निवडली जाते. १५७० च्या सुमारास गाण्यासाठी रचलेल्या या कृतीत ४० स्वतंत्र स्वररेषा आहेत : पाच-पाच जणांचे आठ गट. रेकॉर्डर वाजवणारे हौशी वादकही ती वाजवतात. यात पहिल्या गटातील काही सूर सुरू होतात आणि मागून मागून इतर गट येतात. शेवटच्या गटातील वादकाला बराच वेळ केवळ मोजत बसावे लागते. आपली पाळी येईपर्यंत शांतपणे मोजणे हेही तेथे वादनच मानले जाते.

वैद्यकशास्त्र काय सांगते?

२००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ७५ वर्षांवरील, स्मृतिभ्रंश नसलेल्या ४६९ व्यक्तींचा काही वर्षे मागोवा घेण्यात आला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत नियमित भाग घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका विश्लेषणात १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते, त्यांची त्या त्या पाहणीच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसली.

या आकड्यांचा अर्थ मर्यादेत राहून घ्यावा. ज्यांची प्रकृती मुळात चांगली असते तेच वाद्य वाजवायला आणि मित्रांत मिसळायला बाहेर पडतात, हीही बाजू आहे. वाद्य वाजवले म्हणून स्मृतिभ्रंश होणारच नाही, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. रक्तदाबाची गोळी बंद करून बासरी हाती घेणे हा तर शुद्ध वेडेपणा होईल. एवढे मात्र म्हणता येते, की मेळात बसून वाजवताना डोळे वाचतात, बोटे हलतात, श्वास मोजून सोडावा लागतो, कान शेजाऱ्याकडे असतो आणि मन पुढच्या ओळीवर असते. इतक्या क्षमतांना एकाच वेळी कामाला लावणारे व्यवधान उतारवयात क्वचितच मिळते.

आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट मोजमापात सहज धरता येत नाही. माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका कुटुंबातील सूनबाई सासऱ्यांसाठी झोपेची गोळी मागायला आल्या होत्या. सासरे ऐंशीच्या घरातील, टपालखात्यातून निवृत्त. "आम्ही त्यांना इकडची काडी तिकडे करू देत नाही, डॉक्टर. पाणीसुद्धा हातात देतो. तरी त्यांचे कशातच लक्ष नसते," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खरी माया होती. आजोबांची तपासणी केली, रक्त तपासले. काळजी करण्याजोगे काही सापडले नाही. मी त्यांना विचारले, "काका, सकाळी उठल्यावर तुमच्यावाचून अडेल असे घरात काय असते?" ते हसले आणि म्हणाले, "काही नाही. सगळे उत्तम चालते." या उत्तरात त्यांचा आजार होता. पुढे घरच्यांशी बोलून रोजची भाजी निवडणे, दूधवाल्याचा आणि वृत्तपत्राचा हिशेब, नातीची पाढ्यांची उजळणी ही कामे त्यांच्याकडे देण्यात आली. हिशेबाची वही त्यांच्या उशाशी आली. झोप सुधारायला दोन महिने लागले. गोळी लागली नाही. प्रत्येक निद्रानाशावर हा उपाय चालेल असे मी म्हणणार नाही. उदासपणा, भूक मंदावणे, वजन घटणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, कारण वृद्धांमधील नैराश्य हा उपचारांनी सुधारणारा आजार आहे.

बोटे अडखळू लागतात तेव्हा

या शिबिरांचे चित्र केवळ गोड रंगांत रंगवणे योग्य होणार नाही. त्यांना खर्च येतो. चांगल्या वादकांना चांगल्यांबरोबरच बसायचे असते. ज्या गटात वर्षानुवर्षे वाजवले, त्या गटाची गती आता झेपत नाही, हे एखाद्या उन्हाळ्यात ध्यानात येते आणि ते बोचते. सांधे आखडलेले असतात, जलद स्वर निसटतात, लहान अक्षरांतील स्वरलिपी दिसत नाही.

अशा वेळी समंजस आयोजक माणसाला काढत नाहीत, त्याची जागा बदलतात. जलद स्वररेषा सोडून लांब सुरांची खालची रेषा देतात. मोठ्या आकाराच्या खर्जाच्या रेकॉर्डरला छिद्रांवर चाव्या असतात. बोटे फार ताणावी लागत नाहीत आणि बहुतेक रचनांत तिची गती संथ असते. मेळाचा पाया मात्र तीच असते. एका रेषेवर दोघे बसवले, तर एक अडखळला तरी दुसरा धरून ठेवतो. तेही जमेनासे झाले, तर स्वरलिपींचा संग्रह सांभाळणे, नवख्याला वाद्य जुळवून देणे, अशी कामे उरतात. पायरी खाली आली तरी माणूस मेळाच्या आत राहतो.

मार्को पॅलिस यांचे उदाहरण येथे आठवते. १८९५ साली जन्मलेले हे गृहस्थ डोल्मेच यांचे व्हायोलचे शिष्य. तरुणपणी, १९३३ आणि १९३६ साली, गिर्यारोहक म्हणून ते हिमालयात आले, तिबेटी बौद्ध परंपरेच्या अभ्यासाकडे वळले आणि त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले. १९८९ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. पर्वत चढण्याचे दिवस केव्हाच मागे पडले. व्हायोल आणि संगीतरचना यांची सोबत मात्र वृद्धापकाळातही सुटली नाही. वयाबरोबर काय सोडावे लागेल आणि काय धरून ठेवता येईल, याचा विचार पन्नाशी-साठीतच केलेला बरा.

शरीराची तयारी

वाद्य कोणतेही असो, पेटी, बासरी, तबला किंवा टाळ, ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

डोळे : वाचनाचा चष्मा साधारण हातभर अंतरासाठी असतो. स्टँडवरचे किंवा समोर ठेवलेले पुस्तक त्याहून दूर असते. त्यामुळे मान पुढे काढून वाचण्याची सवय लागते आणि मानेचे दुखणे मागे लागते. नेत्रतज्ज्ञांना अंतर मोजून सांगावे आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. मोठ्या अक्षरांतील प्रत आणि मागून येणारा चांगला प्रकाश यांनी अर्धी अडचण दूर होते.

कान : श्रवणयंत्रे प्रामुख्याने बोलणे ऐकू यावे म्हणून जुळवलेली असतात. संगीतातील लांब सुराला काही यंत्रे शिट्टी समजतात आणि तो दाबून टाकतात. अनेक डिजिटल यंत्रांत संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते. ती करून मागावी.

श्वास : रेकॉर्डर किंवा बासरी यांना हलकी फुंकर पुरते. ओबो, ट्रम्पेट यांसारख्या जोराने फुंकण्याच्या वाद्यांत डोळ्यांतील दाब तात्पुरता वाढू शकतो. काचबिंदू असलेल्यांनी, तसेच मोतीबिंदू किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, फुंकवाद्य वाजवण्यापूर्वी आपल्या तज्ज्ञांना विचारावे. चक्कर आल्यास लगेच थांबावे.

सांधे : वाजवण्यापूर्वी हात कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवावेत. वीस मिनिटे वाजवून थोडी विश्रांती घ्यावी. वाजवल्यानंतर दोन तासांहून अधिक काळ दुखत राहिले, तर दुसऱ्या दिवशी वेळ कमी करावा.

बैठक : सरळ पाठीची, घट्ट बसकेची खुर्ची घ्यावी. अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे. दीर्घकाळ बसल्यावर एकदम उभे राहू नये. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे अशा वेळी तोल जातो.

परगावचा मुक्काम : शिबिर असो, वारी असो वा लग्नघर, औषधे मोजून, दोन दिवसांची जास्त, हातातील पिशवीत ठेवावीत. आजार आणि औषधे यांची चिठ्ठी सोबत असावी. कार्यक्रमात अडचण नको म्हणून लघवीची गोळी परस्पर टाळणारे पुष्कळ असतात. त्याऐवजी तिची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. परक्या जागी रात्री स्नानगृहाकडे जाताना पडण्याचे प्रसंग घडतात, म्हणून लहान दिवा किंवा विजेरी उशाशी ठेवावी.

आठवडा संपल्यावर

शिबिराचा एकच आठवडा असतो; वर्षाचे उरलेले एकावन्न आठवडे घरीच काढायचे असतात. शिबिराहून परतल्यावर घर अधिकच सुने वाटते, असे होऊ शकते. मोठ्या सहलीनंतर किंवा वारीनंतर आपल्याकडेही हे घडते. म्हणून गावोगावच्या शाखांचे महत्त्व अधिक आहे. एखाद्या सभागृहात ठरावीक वारी, ठरावीक वेळी जमायचे, दोन-अडीच तास वाजवायचे, मध्ये चहा घ्यायचा. तेथे एखादा आला नाही, तर त्याची रेषा ऐकू येत नाही; कुणीतरी दूरध्वनी करून विचारतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी ही चौकशी जीव वाचवणारी ठरू शकते. घरात पडून राहिलेल्या वृद्धाचा शोध लागायला होणारा उशीर किती महागात पडतो, हे आम्ही डॉक्टर जाणतो.

आपल्याकडे भजनी मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, वाचनालये आणि हास्यमंडळे आहेत. नवे काही उभारण्याची निकड नाही. एवढेच पाहावे, की तेथे प्रत्येकाकडे नाव घेऊन सांगता येईल असे एक काम आहे. पेटी वाजवणे कुणाचे, टाळ कुणाचे, सतरंजी अंथरणे कुणाचे, न आलेल्यांना दूरध्वनी करणे कुणाचे, हे ठरलेले असावे. हात थकला की काम बदलावे, काढून घेऊ नये. पेटी झेपत नसेल तर टाळ द्यावेत. टाळ झेपत नसतील तर पुढचे भजन निवडण्याचा मान द्यावा. अंथरुणाला खिळलेल्या सभासदाच्या घरी महिन्यातून एक बैठक न्यावी. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमध्येही जुनी गाणी आणि चाली पुष्कळदा बराच काळ टिकून राहतात. नाव न आठवणारी व्यक्ती ओळखीच्या भजनाची पुढची ओळ उचलते. त्यांना केवळ श्रोते म्हणून बसवू नये, म्हणू द्यावे.

काळजी घेणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रेमापोटी आपण वृद्धांच्या हातातील एकेक काम काढून घेतो. त्यांना त्रास नको, पडायला नको, हा त्यातील हेतू चांगला असतो आणि काही कामे काढून घ्यावीच लागतात. गॅसची शेगडी किंवा उंच स्टूल यांच्या बाबतीत तडजोड नको. परंतु एक काम काढले, तर दुसरे, झेपणारे काम त्या जागी द्यावे, आणि ते खरे काम असावे. मन राखण्यासाठी दिलेले खोटे काम वृद्धांना बरोबर कळते.

ज्येष्ठ वाचकांनी आज रात्री स्वतःला एक प्रश्न विचारावा : उद्या मी गेलो नाही, तर कोणते काम अडेल आणि कोण मला विचारायला येईल? उत्तर मिळाले, तर ते काम जपावे. मिळाले नाही, तर या आठवड्यात जवळच्या मंडळात जावे आणि ऐकायला आलो आहे असे न म्हणता, मला कोणते काम देता, असे विचारावे.